टिपाडातलं पाणी

आमच्या आईच्या कालनिर्णयावर दुधाच्या आकड्यांशेजारी अधूनमधून एक छोटं वर्तुळ असायचं. त्या दिवशी नळ आला होता, एवढाच त्याचा अर्थ. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पाहुणे कधी बोलवायचे, गोधड्या कधी धुवायच्या, हे त्या वर्तुळांवरून ठरे. उन्हाळ्यात दोन वर्तुळांमधलं अंतर वाढत जाई. अंगणात दोनशे लिटरची तीन टिपाडं होती. त्यातलं एक प्यायच्या पाण्याचं. त्यात कुणी थेट तांब्या बुचकळला की पाठीत धपाटा ठरलेला.

संशोधक आणि वस्तीतली माणसं मिळून शहराचं आरोग्य सुधारतात, त्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा खरं तर जांभई आली होती. अहवालांची भाषा डोळ्यांपुढे आली. पण शोधता शोधता मुंबईच्या कौला बंदरापाशी आलो आणि तिथे मला आमचंच टिपाड भेटलं. मुंबईत त्याला पिंप म्हणतात.

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, दारूखान्याच्या बाजूला, समुद्रात शिरलेल्या धक्क्यावर ही वस्ती आहे. संशोधन झालं तेव्हा तिथे सुमारे 12 हजार माणसं राहत होती. जमीन तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्र सरकारची. म्हणून वस्ती ‘अघोषित’, म्हणजे सरकारी मान्यता नसलेली, आणि अघोषित म्हणून पालिकेचा नळ नव्हता.

इथे काम केलं ‘पुकार’ या संस्थेनं. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी ती 2001च्या सुमारास उभी केली. संशोधन करणं हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, तो विद्यापीठांचा मक्ता नाही, हे त्यांचं म्हणणं. पुढे संस्थेची धुरा डॉ. अनिता पाटील-देशमुख यांच्याकडे आली. त्या अमेरिकेत अनेक वर्षं काम केलेल्या नवजात शिशुतज्ज्ञ. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातले संशोधक जोडीला आले. संस्थेची माहिती एवढी पुरे. मला रस आहे तो ‘बेअरफूट’ संशोधकांमध्ये.

ही वस्त्यांमधलीच तरुण मुलंमुली. प्रश्नावली कशी भरायची, घरं कशी निवडायची, उत्तर ऐकताना आपलं मत तोंडावर कसं दिसू द्यायचं नाही, हे ती शिकली. यातली मेख ज्यानं वस्तीत एक दुपार काढली आहे त्याला कळेल. बाहेरच्या माणसानं विचारलं, ‘पाणी कुठलं?’ तर उत्तर येतं, ‘नळाचं.’ विषय संपला. शेजारच्या पोरीपुढे ही थाप चालत नाही. कुणाची नळी कुणाच्या पत्र्यावरून जाते, मोटर किती वाजता सुरू होते, कुणाची उधारी थकली, हे तिला पाठ असतं. फक्त ते आजवर कुणी तिला लिहायला सांगितलेलं नसतं.

तर मोटर आणि नळी. पाणीविक्रेते जमिनीखालच्या सरकारी पाइपांना मोटर लावून पाणी खेचत आणि लांबच लांब रबरी नळ्यांनी घरोघरच्या पिंपात सोडत. बेकायदा खरं, पण काय व्यवस्था! वेळा ठरलेल्या, गिऱ्हाइकं ठरलेली. 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात या व्यवस्थेचा हिशेब आहे. पालिकेचा दर हजार लिटरला सव्वादोन रुपये. कौला बंदरची माणसं त्याच्या 52 ते 206 पट मोजत होती. म्हणजे हजार लिटरला 117 ते 463 रुपये. काही ऋतूंत 95 टक्के लोकांना माणशी रोजचं 50 लिटर पाणीही मिळत नव्हतं. गरिबाला पाणी फुकट हवं असतं असं म्हणणाऱ्यांनी हा दर भिंतीवर लावावा.

मला मात्र दुसऱ्याच आकड्यानं खिळवलं. पावसाळ्यात मोटरपाशी, म्हणजे उगमालाच घेतलेले पाण्याचे निम्मे नमुने दूषित निघाले. ते अपेक्षितच होतं. इतर ऋतूंत मोटरपाशी पाणी स्वच्छ होतं. तरीही घरात साठवलेलं पाणी बाराही महिने दूषित सापडलं. ई-कोलाय जंतू 43 टक्क्यांपर्यंत नमुन्यांत, कोलिफॉर्म जंतू 76 टक्क्यांपर्यंत. पाणी स्वच्छ निघतं आणि वाटेत किंवा घरात मुक्कामाला राहून बिघडतं. आईचा धपाटा शास्त्रोक्त होता तर!

पण इथेच घाईघाईनं ‘बायकांना स्वच्छता शिकवा’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. लांब दांड्याचं ओगराळं वापरा, झाकण ठेवा, क्लोरीन टाका. सगळं बरोबर, आणि करायलाच हवं. पण मुळात पिंप लागतंच का? पाण्याचा भरवसा नाही म्हणून. साठवलेल्या पाण्यातल्या डासांमुळे होणाऱ्या डेंगीचंही तेच. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, भांडी रिकामी करून घासा, असं आरोग्य खातं सांगतं, कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. ज्याच्याकडे नळच दहा दिवसांनी येतो त्यानं सातव्या दिवशी भरलं टिपाड ओतायचं कसं? ही अडचण मराठवाड्यातल्या कुठल्याही बाईनं एका वाक्यात सांगितली असती. तिला विचारायला हवं होतं.

मोजणीनंतर काय, हा प्रश्न जास्त अवघड. आकडे हाती आले म्हणून पाणी येत नाही. झोपडपट्टी घोषित करायचा राज्याचा कायदा 1971चा; केंद्राच्या जमिनीवर तो जमीनमालकाच्या संमतीपाशी अडतो. ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना पाणी नाही, या नियमाविरुद्ध पाणी हक्क समिती न्यायालयात गेली. 15 डिसेंबर 2014 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि अनधिकृत झोपडीलाही तो नाकारता येणार नाही. पालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यायला 2022 उजाडलं. मधल्या साडेसात वर्षांत पिंपं भरतच होती.

शिवाय एक भीती मला शेवटपर्यंत सोडत नाही. बेकायदा नळी कुठून येते हे जगापुढे मांडलं, तर आधी कोण येणार, नळ जोडणारा की नळी कापणारा? निबंध इंग्रजीत छापून होतो, संशोधक पुढच्या कामाला लागतात. बेअरफूट संशोधकाला संध्याकाळी त्याच गल्लीत पिंप भरायचं असतं. वस्तीची भागीदारी म्हणायची तर हा धोकाही वाटून घ्यायला हवा, आणि तो वाटून घेण्याची रीत अजून कुणी नीट बसवलेली नाही.

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, जिथे कुठे तुम्ही हे वाचत असाल तिथे एक विनंती. नळ आला त्या तारखेला खूण करा, टँकरचा भाव शेजारी लिहा, घरात कुणाला जुलाब झाले तेही लिहा. आणि वर्ष संपलं की ते कालनिर्णय रद्दीत घालू नका.