विमान कंपन्यांचे सहकारसंघ

विमान कंपन्यांचे सहकारसंघ : निरनिराळ्या देशांतील विमान कंपन्यांनी आपली मालकी व स्वतंत्र अस्तित्व कायम ठेवून मार्ग, तिकिटे व प्रवासी-सुविधा यांबाबत केलेली दीर्घ मुदतीची संघटना. नित्य प्रवाशास एका कंपनीकडून मिळणाऱ्या सवलती संघातील अन्य कंपन्यांच्या विमानांतही मिळणे, हे या संघांचे प्रवाशाच्या दृष्टीने प्रमुख वैशिष्ट्य होय.

उगम : आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक मुख्यत्वे दोन-दोन राष्ट्रांतील करारांनुसार चालते. कोणत्या देशाच्या कंपन्यांनी कोठे व किती उड्डाणे करावयाची, हे अशा करारांनी ठरते. शिवाय देशी कंपनीची बहुसंख्य मालकी परकीयांकडे जाऊ देण्यास बहुतेक राष्ट्रांत कायद्याने मज्जाव आहे. भारतात परकीय विमान कंपन्यांना देशी कंपनीत ४९ टक्क्यांपर्यंत भांडवल गुंतविण्याची मुभा २०१२ मध्ये मिळाली. अशा स्थितीत सीमापार विलीनीकरण दुष्कर असल्याने कंपन्यांनी सहकाराचा मार्ग पतकरला.

नित्य प्रवाशांच्या योजनांचा उगम मात्र निराळा आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने देशांतर्गत भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठले व तीव्र स्पर्धा सुरू झाली. प्रवासी टिकवून धरण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये प्रवासाच्या अंतरावर गुण देणारी योजना काढली. हे गुण अंतरावरून मोजले जात असल्याने त्यांना ‘माइल्स’ हे नाव रूढ झाले. पुढे स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) व स्कायटीम (२०००) हे तीन जागतिक संघ स्थापन झाले.

कार्यपद्धती : योजनेत प्रवाशाच्या नावे दोन हिशेब ठेवले जातात. एक खर्च करता येणाऱ्या गुणांचा. त्यांच्या बदल्यात तिकीट अथवा वरच्या वर्गाची जागा मिळते. दुसरा दर्जा ठरविणाऱ्या गुणांचा. ठराविक मुदतीत पुरेसा प्रवास केल्यास प्रवासी वरच्या श्रेणीत जातो. श्रेणी संघभर मानली जाते. उदा., स्टार अलायन्सच्या सुवर्ण श्रेणीतील प्रवासी साध्या वर्गाच्या तिकिटावरही लाउंजमध्ये बसू शकतो, त्याला अधिक सामान नेता येते व विमानात अगोदर प्रवेश मिळतो. गुण मात्र संघभर एकत्र होत नाहीत. प्रत्येक कंपनीचे खाते वेगळे असते आणि एका प्रवासाचे गुण एकाच खात्यात जमा होतात.

समजा, मुलुंडचे एक कुटुंब सहार विमानतळावरून लुफ्तान्झाच्या विमानाने फ्रँकफुर्टला व तेथून युनायटेडच्या विमानाने शिकागोला जाते. दोन्ही कंपन्या स्टार अलायन्सच्या सभासद असल्याने हा सर्व प्रवास एअर इंडियाच्या खात्यात नोंदविता येतो. तिकीट एकच असेल, तर मुंबईत दिलेल्या सामानावर शिकागोची चिठ्ठी लागते आणि पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपन्यांवर राहते. तिकिटे वेगवेगळी काढल्यास, कंपन्या एकाच संघातील असूनही, ही हमी सामान्यतः मिळत नाही. किती गुण मिळतील, हे भाड्याच्या प्रकारावर अवलंबून असते. अतिस्वस्त तिकिटावर ते अल्प असतात किंवा मुळीच मिळत नाहीत. नोंद राहून गेल्यास मागाहून मागणी करता यावी, म्हणून तिकीट व बोर्डिंग पास जपून ठेवणे हितावह असते.

भारतातील स्थिती : जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर विमान उतरविले. त्या सेवेतून उदयास आलेली एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्सची सभासद झाली. तिला २००७ मध्येच निमंत्रण मिळाले होते; परंतु २०११ मध्ये प्रवेशाची प्रक्रिया स्थगित झाल्याने विलंब झाला. किंगफिशरचा वनवर्ल्डमधील प्रवेश तिच्या आर्थिक अडचणींमुळे फेब्रुवारी २०१२ मध्ये अडला आणि त्याच वर्षी तिची उड्डाणेही थांबली. विस्तारा ही कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाल्यावर तिच्या प्रवाशांचे गुण एअर इंडियाच्या योजनेत वर्ग करण्यात आले.

अंधेरी येथे मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. ही कंपनी कोणत्याही जागतिक संघात सामील न होता स्वतंत्र करारांद्वारे परदेशी कंपन्यांशी सहकार्य करीत असे. १७ एप्रिल २०१९ रोजी तिची उड्डाणे थांबली. तिची गुणयोजना वेगळ्या कंपनीकडे असून त्या कंपनीत एतिहादचे भागभांडवल अधिक होते. त्यामुळे गुण एकाएकी नष्ट झाले नाहीत व योजना पुढे इंटरमाइल्स या नावाने चालू राहिली. तथापि ज्या विमानांसाठी प्रवाशांनी ते गुण साठविले होते, ती विमानेच राहिली नाहीत.

मर्यादा : गुण म्हणजे बँकेतील ठेव नव्हे. त्यांची मुदत, त्यांच्या बदल्यात मिळणारे तिकीट व त्यासाठी लागणाऱ्या गुणांची संख्या हे सर्व कंपनी ठरविते व बदलू शकते. गुणांवर काढलेल्या तिकिटासही कर व अधिभार बहुधा रोख भरावे लागतात. अलीकडे अनेक कंपन्या अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर गुण देतात. एअर इंडियानेही २०२४ मध्ये हा बदल केला. बँका आपल्या क्रेडिट कार्डांसाठी गुण विकत घेत असल्याने या योजना कंपन्यांना उत्पन्नाचे साधनही झाल्या आहेत. केवळ गुणांसाठी महाग तिकीट घेणाऱ्या प्रवाशास सवलतीची किंमत स्वतःच चुकवावी लागते. वारंवार परदेशी जाणाऱ्यास श्रेणीचा लाभ मोठा असतो. वर्षा-दोन वर्षांनी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना मात्र एकाच तिकिटावरील सलग प्रवास व भाड्यातील बचत या गोष्टी अधिक मोलाच्या ठरतात.