जाग्वारचे बदलते धनी

मालेगावकडून धुळ्याला येताना लळिंगचा घाट लागतो. भरलेला ट्रक तो उतरत असताना शहाणा चालक वेग वाढू देत नाही. का बरे? वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते. गाडी थांबवायची तर ब्रेकना त्या ऊर्जेची उष्णता करावी लागते. ब्रेक फार तापले की त्यांची पकड ढिली पडते. या अडचणीवर तोड काढण्यात ज्या इंग्रज मोटार कंपनीचा मोठा वाटा होता, तिची मालकी आज टाटांकडे आहे. तिचे नाव जाग्वार.

१९२२ साली ब्लॅकपूल या गावी विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्स्ली या तरुणांनी मोटारसायकलींच्या साइडकार बनवण्याचा धंदा सुरू केला. लायन्स तेव्हा २१ वर्षांचा होता. पुढे ते मोटारींकडे वळले आणि १९२८ साली कारखाना कॉव्हेंट्रीला नेला. १९३५ साली त्यांच्या मोटारीला ‘एसएस जाग्वार’ हे नाव मिळाले. पण नाझींच्या एसएस संघटनेमुळे ती दोन अक्षरे बदनाम झाली, म्हणून १९४५ साली कंपनीने केवळ ‘जाग्वार’ हे नाव घेतले. १९४८ सालची तिची ‘एक्सके १२०’ तासाला १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर वेगाने धावे.

असा वेग आवरायचा कसा? त्या काळचे ब्रेक बंद डब्यासारख्या ड्रममध्ये असत. उष्णता आतच कोंडे. जाग्वारने डनलॉप कंपनीच्या साहाय्याने चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी वापरली. दोन्ही बाजूंनी ठोकळे तिला चिमटीत धरतात आणि वारा तिला थंड करतो. हाच डिस्क ब्रेक. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत जाग्वारने याच ब्रेकच्या बळावर जिंकली. आज तो मोटारसायकललाही असतो.

आता धन्यांची गोष्ट. १९६६ साली जाग्वार ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये सामील झाली आणि १९६८ साली ब्रिटिश लेलँड या अवाढव्य समूहात गेली. तो समूह अडचणीत आल्याने १९७५ साली सरकारने ताब्यात घेतला. या काळात जाग्वारचा दर्जा घसरला. १९८४ साली तिचे समभाग लोकांना विकून ती पुन्हा स्वतंत्र झाली. १९८९ साली अमेरिकेच्या फोर्डने सुमारे १६० कोटी पौंडांना तिचा सौदा केला. शेवटी जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने जाग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या मिळून २३० कोटी डॉलरना घेतल्या.

त्याच वर्षी जगभर मंदी आली आणि मोटारींचा खप कोसळला. सौदा अंगाशी येणार, असे अनेकांना वाटले. पण विचार करा, कंपनी विकत घेतली म्हणजे नेमके काय घेतले? इमारती आणि यंत्रे तर खरीच. पण त्याहून मोलाचे म्हणजे आराखडे, नाव आणि जाणत्या माणसांचे कसब. माणसे निघून गेली, तर मागे नुसते नाव उरते. टाटांनी इंग्लंडमधले अभियंते आणि संशोधन केंद्रे कायम ठेवून नव्या मोटारींवर पैसा घातला. कंपनी सावरली. २०११ पासून पुण्यात आधी लँड रोव्हरची व नंतर जाग्वारचीही जोडणी होऊ लागली.

२०१८ साली जाग्वारची विजेवर चालणारी ‘आय-पेस’ आली. तिचा वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी काम करते आणि गतिज ऊर्जेचा बराच भाग बॅटरीत परत जातो. जी ऊर्जा पूर्वी उष्णता होऊन वाया जाई, तीच पुन्हा कामी येते.

तुमच्या सायकलचे रबरी ठोकळेही चाकाची कड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. उतारावर थोडा वेळ ब्रेक धरा आणि सायकल थांबल्यावर त्या कडेला हलकेच बोट लावून पाहा. तुमची गतिज ऊर्जा कोठे गेली, ते बोटच सांगेल!