एका चेंडूला ४ लाख ४३ हजार

१,७०२ कोटी रुपये. सेकंदाला एक रुपया या वेगाने, जेवणखाण आणि झोप सोडून कुणी ही रक्कम मोजायला बसला, तर ५३९ वर्षं लागतील. २०१० साली मोजणी संपवायची असती तर ती १४७१ मध्ये सुरू करायला हवी होती. तेव्हा बहमनींचा कारभार महमूद गावान पाहत होता आणि शिवाजी महाराजांचा जन्म दीडशेहून अधिक वर्षं लांब होता.

२१ मार्च २०१० रोजी चेन्नईत सहारा समूहाने ही बोली लावली ती आयपीएलमधल्या पुण्याच्या संघासाठी. संघाकडे तेव्हा एकही खेळाडू नव्हता आणि गहुंज्याचं मैदान पुरं व्हायचं होतं. डॉलरमध्ये बोली ३७ कोटींची, डॉलरचा भाव ४६ रुपये. लिलावाची किमान किंमत होती २२.५ कोटी डॉलर. त्याच दिवशी कोचीचा संघ ३३.३३ कोटी डॉलरला गेला. आता २००८ चा आकडा शेजारी ठेवा. मुंबई, चेन्नई, कोलकाता धरून पहिले आठ संघ मिळून ७२.३६ कोटी डॉलरला विकले गेले होते. दोन वर्षांनी नुसत्या दोन संघांचे ७०.३३ कोटी झाले.

पैसे दहा वर्षांत द्यायचे होते, म्हणजे वर्षाला १७० कोटी २० लाख. हंगामात संघाचे १६ सामने धरले तर सामन्यामागे साडेदहा कोटींच्या वर. दोन्ही डाव मिळून २४० चेंडू. भागाकार केला की एका चेंडूला ४ लाख ४३ हजार रुपये पडतात, आणि ही फक्त संघ बाळगण्याची फी. युवराज, उथप्पा अशा खेळाडूंचं मानधन, विमानं, हॉटेलं सगळं वेगळं.

पुणे वॉरियर्स नावाचा हा संघ तीन हंगाम टिकला. ४६ सामने, १२ विजय, ३३ पराभव, एक सामना निकालाविना. प्रत्येक हंगामात विजय नेमके चार, त्यात मात्र सातत्य होतं. २०१२ च्या शेवटी सलग नऊ आणि २०१३ च्या सुरुवातीला दोन असे ओळीने अकरा सामने हरले. करारातली तीन वर्षांची फी १२ विजयांवर वाटली तर एक विजय साडेबेचाळीस कोटींना पडतो.

२३ एप्रिल २०१३ ला बेंगळुरूत पुण्याने नाणेफेक जिंकली आणि क्षेत्ररक्षण घेतलं. क्रिस गेलने ३० चेंडूंत शतक केलं, ६६ चेंडूंत नाबाद १७५. १३ चौकार, १७ षटकार. बेंगळुरू २६३, पुणे १३३. वरच्या दराने गेलच्या त्या ६६ चेंडूंची किंमत २ कोटी ९२ लाख होते. आयपीएलच्या इतिहासात पुण्याचा हा संघ आज बहुतेकांना आठवतो तो याच एका संध्याकाळसाठी, तेही समोरच्या बाजूला उभा असलेला म्हणून.

हे सगळं मोडलं कशामुळे, तर एका साध्या गुणाकारामुळे. दहा संघ, प्रत्येकाने उरलेल्या नऊ जणांशी घरी एकदा आणि बाहेर एकदा खेळायचं, म्हणजे ९० सामने. बाद फेरीचे चार मिळवून ९४. सहाराचं म्हणणं, आम्ही बोली ९४ सामन्यांवर लावली. प्रत्यक्षात २०११ मध्ये ७४ च सामने ठेवले गेले. प्रत्येक संघाच्या वाट्याला १८ ऐवजी १४ सामने आले, घरचे नऊचे सात झाले. फी मात्र तीच. ती कमी करा म्हणून सहारा मागे लागला, क्रिकेट मंडळ बधेना, लवादाची बोलणी पुढे सरकेनात. मे २०१३ मध्ये मंडळाने बँक हमी वटवली, सहाराने संघ काढून घेतला आणि ऑक्टोबरमध्ये मंडळाने करारच रद्द केला. कागदावरच्या २० सामन्यांनी १,७०२ कोटींचा संघ बुडवला असं म्हटलं तर ते अर्धसत्य ठरेल, कारण एवढी बोली लावणाऱ्याला वेळापत्रक लेखी मागता आलं असतं.

डॉलरमधला तो ३७ कोटींचा आकडा मात्र मला पुण्याहून थेट नंदुरबार जिल्ह्यात नेतो. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे नर्मदेकाठचं गाव. लोकसभेचा पहिला मतदारसंघ नंदुरबार, विधानसभेचा पहिला अक्कलकुवा आणि राज्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली. महाराष्ट्राची मोजदाद जिथून सुरू होते ते हे ठिकाण, आणि सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात राज्यातलं सगळ्यात आधी गेलेलं गावही हेच. १९९३ च्या पावसाळ्यात इथली घरं पाण्याखाली गेली. काही कुटुंबं त्याआधीच गुजरातेत परवेट्याला हलवली होती. उरलेली डोंगराच्या अंगाने वर सरकली. मतदानाची यंत्रं आजही तिकडे होडीतून जातात.

त्या धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. प्रकल्प तपासायला बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा प्रतिकूल अहवाल १९९२ च्या जूनमध्ये आला, धरणाविरुद्ध मणिबेलीचा सत्याग्रह चालूच होता, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले १७ कोटी नकोत असं कळवलं. म्हणजे बँकेचे प्रत्यक्षात आले २८ कोटी डॉलर. देशातल्या सर्वांत गाजलेल्या धरणासाठी जगातल्या सर्वांत मोठ्या सावकाराने हातात ठेवलेली रक्कम, पुण्याच्या क्रिकेट संघावर लागलेल्या बोलीपेक्षा ९ कोटी डॉलरने कमी! महागाई धरली तर पारडं फिरतं, हे सांगायला हवं. १९८५ चा एक डॉलर २०१० च्या जवळपास दोन डॉलरांएवढा, आणि बँकेचे २८ कोटी दुप्पट केले की बोलीच्या पुढे जातात. पण धरण आणि वीस षटकांचा संघ यांची तुलना करताना महागाईचा आधार घ्यावा लागतो, एवढंच मला पुरेसं वाटतं. त्या माघारीनंतर, १९९४ मध्ये, मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये असं सांगणारं घोषणापत्र निघालं. त्यावर ४४ देशांतल्या ३२६ संघटनांच्या सह्या आहेत आणि जगभर ते मणिबेलीच्याच नावाने ओळखलं जातं.

खेळाच्याच मापाने बुडीत क्षेत्र मोजायचं तर बास्केटबॉलचं मैदान सोयीचं पडतं. २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद, म्हणजे ४२० चौरस मीटर. सरोवराचं बुडीत सुमारे ३७,५०० हेक्टर. त्यात अशी ८ लाख ९३ हजार मैदानं बसतात. धरणाच्या बातम्यांतला १३८.६८ मीटर हा प्रसिद्ध आकडा समुद्रसपाटीपासूनच्या पातळीचा आहे. सर्वांत खोल पायापासून भिंत १६३ मीटर भरते. बास्केट जमिनीपासून ३.०५ मीटरवर, तेव्हा एकावर एक ५३ बास्केट.

बास्केटबॉलही पुण्यात व्यावसायिक झाला होता, हे सांगितलं की लोक चमकतात. २०१५ मध्ये युबीए नावाची लीग निघाली. आठ संघ होते, त्यांत ‘पुणे पेशवाज’ आणि ‘मुंबई चॅलेंजर्स’. २०१७ पर्यंत चार हंगाम झाले आणि लीग थांबली. फुटबॉलमध्ये कल्याणी समूहाच्या ‘भारत एफसी’ने तर पुण्यात एकच हंगाम काढला, २०१४-१५ चा. २० सामने, अकरा संघांत अकरावा. अल्पायुषी संघांची पुण्यात वाण पडत नाही.

क्रिकेटचा दुसरा संघ आला तो उलट्या लिलावातून. ८ डिसेंबर २०१५. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित, त्यांच्या जागी दोन तात्पुरते संघ हवे होते. मंडळ आपल्या मिळकतीतून वर्षाला ४० कोटींपर्यंत देणार होतं. जो सर्वांत कमी मागेल त्याला संघ. संजीव गोयंकांच्या कंपनीने पुण्यासाठी मागितले उणे १६ कोटी. म्हणजे तुमचे ४० नकोत, वर १६ आम्हीच देतो. सोडलेले ४० धरूनही वर्षाला ५६ कोटी होतात, पहिल्या संघाच्या फीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. याच समूहाने २०२१ मध्ये लखनौसाठी ७,०९० कोटी मोजले, तेव्हा १,७०२ कोटी फुकटात वाटू लागले!

या दुसऱ्या संघाच्या, म्हणजे रायझिंग पुणेच्या, पहिल्या वर्षी, २०१६ ला, महाराष्ट्रात दुष्काळ होता. लातूरला रेल्वेने पाणी चाललं होतं. राज्यातल्या सामन्यांच्या खेळपट्ट्यांसाठी ६० लाख लिटर पाणी लागेल असं सांगत जनहित याचिका झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला. सरदार सरोवराची एकूण साठवण ९४६ कोटी घनमीटर, म्हणजे ९ लाख ४६ हजार कोटी लिटर. कोर्टात गाजलेल्या त्या पाण्याच्या १५ लाख ७७ हजार पट. नर्मदेच्या वाटपात महाराष्ट्राला मिळालं २८ पैकी पाव दशलक्ष एकर-फूट. विजेत २७ टक्के, म्हणजे १,४५० मेगावॉटपैकी ३९१.

२०१७ च्या फेब्रुवारीत दोन आकडे बारा दिवसांच्या अंतराने आले. ८ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने, सरदार सरोवरापायी मध्य प्रदेशातल्या ज्या ६८१ बुडीत कुटुंबांना जमीन मिळाली नव्हती, त्यांना दोन हेक्टरांपोटी प्रत्येकी ६० लाख द्यायला सांगितले. बेरीज ४०८ कोटी ६० लाख. पहिल्या पुणे संघाची करारातली तीन वर्षांची फी ५१० कोटी ६० लाख होती. तेवढ्या रकमेत या सगळ्या कुटुंबांचं भागून १०२ कोटी उरले असते. २० तारखेला दुसऱ्या पुणे संघाने बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतलं. त्या दराने चोवीस कुटुंबं.

स्टोक्स खेळलाही जोरात. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पण बाद फेरीच्या आधी इंग्लंडने त्याला परत बोलावलं. २१ मे ला हैदराबादच्या अंतिम सामन्यात मुंबईच्या १२९ धावा होत्या आणि पुण्याला शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. दोनच निघाल्या, तिसरी घेताना फलंदाज धावचीत झाला. पुणे १२८. दोन वर्षांचे ३० सामने, १५ जिंकले, १५ हरले, आणि करार तिथेच संपला.