गाडी स्वस्त, दुरुस्ती महाग! जुनी ‘एम-फाईव्ह’ घेण्याआधी हिशेब मांडा

दुबई-शारजात नोकरी-धंदा करणारे कोकणातले आपले तरुण सुट्टीवर गावी आले की गप्पांत एक विषय हमखास निघतो. तिकडे जुनी बीएमडब्ल्यू एम-फाईव्ह इतक्या स्वस्तात मिळते की इकडे त्या पैशात साधी नवी गाडी येईल. ही गोष्ट खोटी नाही. पण गाडी स्वस्त का झाली, हे सांगणारा क्वचितच भेटतो. आपले अनेक बांधव तिकडे गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत, काही जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतात, तर काही हौसेपोटी अशी गाडी घेतात. या तिघांच्याही कामी यावे म्हणून आम्ही हा हिशेब मांडत आहोत.

आम्ही बोलतो आहोत ती २००५ ते २०१० या काळात बनलेल्या, ‘ई-साठ’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या एम-फाईव्हबद्दल. दहा सिलिंडरचे पाच लिटरचे पेट्रोल इंजिन, ताकद ५०७ हॉर्सपॉवर. हे इंजिन मिनिटाला सव्वाआठ हजार फेऱ्यांपर्यंत फिरते. अमेरिकेत ती नवी असताना सुमारे ८० हजार डॉलरला मिळे. आज जुनी गाडी साधारण १५ ते २५ हजार डॉलरला मिळते. म्हणजे गाडीची किंमत पाव हिश्श्यावर आली. सुट्या भागांची मात्र आली नाही. पार्ट आजही ८० हजारांच्या गाडीचेच आहेत आणि त्याच भावाने मिळतात. सगळ्या हिशेबाचे मूळ इथे आहे.

कुठे बिघडते, किती लागतात

पुढचे आकडे अमेरिकेतल्या खासगी गॅरेजांत साधारणपणे लागणाऱ्या खर्चाचे आहेत. शारजात मजुरी कमी पडते, पण नव्या पार्टच्या किमतीत फार फरक पडत नाही. डॉलर ८५ रुपये धरून वाचकांनी आपला हिशेब करावा.

पहिला आणि सर्वांत मोठा धोका बिगेंड बेअरिंगचा. कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्यामध्ये बसणाऱ्या या पातळ वाट्यांना या इंजिनात जागा फार कमी ठेवली आहे, आणि ऑईल १० डब्ल्यू ६० इतके जाड लागते. सकाळी थंड इंजिन चालू करून लगेच रेस दिली की ऑईल नीट पोहोचण्याआधीच वाट्या घासतात. खटखट आवाज येईपर्यंत थांबले तर क्रँक जातो आणि इंजिन बसते. वेळेवर वाट्या बदलल्या तर खर्च दोन ते चार हजार डॉलर. वाट्या त्या मानाने स्वस्त, पण पुढची सबफ्रेम उतरवून ऑईल चेंबर खोलण्याची मजुरी मोठी. इंजिनच गेले तर दहा हजारांच्या वर, म्हणजे जवळपास गाडीच्या किमतीएवढा खर्च.

दुसरे दुखणे गिअरचे. अमेरिका आणि कॅनडा सोडून बाकी सगळीकडे ही गाडी ‘एसएमजी’ या सात गिअरच्या पेटीसह आली. यात क्लच पायाने दाबायचा नसतो. ते काम हायड्रॉलिक पंप करतो. या पंपाच्या मोटारीचे कार्बन ब्रश झिजले की गिअर पडत नाही आणि गाडी जागेवर उभी राहते. नवा पंप बसवायला दोन ते तीन हजार डॉलर. क्लच आणि फ्लायव्हील सोबत बदलावे लागले तर आणखी तेवढेच धरावेत.

तिसरे, थ्रॉटलच्या दोन मोटारी. यांच्या आतील गिअर झिजले की डॅशबोर्डवर इंजिन बिघाडाचा इशारा येतो आणि गाडीची ओढ एकदम कमी होते. नवी मोटार सुमारे हजार डॉलरला एक; मात्र जुनी खोलून आतले गिअर बदलता येतात, आणि ते फार कमी पैशात होते. चौथे, व्हॅल्व्हचे टायमिंग बदलणारी ‘व्हॅनोस’ यंत्रणा. तिची जास्त दाबाची ऑईल लाईन गळते, पंप दमतो. पंपापर्यंत गेले तर पुन्हा दीड-दोन हजार.

आता बेरीज करू. बेअरिंग तीन हजार, गिअरचा पंप अडीच, क्लच-फ्लायव्हील तीन, थ्रॉटलच्या दोन मोटारी दोन हजार. एकूण साडेदहा हजार डॉलर, म्हणजे सुमारे नऊ लाख रुपये. वीस हजारांच्या गाडीवर साडेदहा हजार! सगळे एकाच वर्षात निघेल असे नाही, पण ज्याच्याकडे एवढी रक्कम बाजूला नाही त्याने ही गाडी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शहरात लिटरला चार-पाच किलोमीटर पेट्रोल आणि ऑईल बदलताना लागणारे नऊ लिटरहून जास्त ऑईल, हा रोजचा खर्च वेगळाच.

घेण्याआधी काय पाहावे

इंजिन पूर्ण थंड असतानाच गाडी बघायला जावे. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. ऑईल फिल्टर कापून आत चमचमणारा भुगा आहे का पाहावे. जमल्यास ऑईल प्रयोगशाळेत तपासून त्यात शिसे आणि तांबे किती आहे ते पाहावे. ऑईल मोजायची काडी या गाडीत नाही, सेन्सरवरच भरवसा ठेवावा लागतो. किलोमीटरचा आकडा मीटरशिवाय इतर कंट्रोल युनिटमध्येही साठवलेला असतो. स्कॅनर लावून आकडे जुळतात का पाहावे. कंपनीच्या वेळापत्रकावर न थांबता दहा हजार किलोमीटरच्या आत ऑईल बदलणारा मालक असेल तर त्या गाडीला चार पैसे जास्त द्यावेत.

१६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातीत विक्रमी पाऊस पडून हजारो गाड्या पाण्यात गेल्या, हेही विसरू नये. सीटखालची पट्टी गंजली असेल, गालिच्याला कुबट वास असेल, पट्टा पूर्ण ओढल्यावर चिखलाचा डाग दिसला तर तिथूनच परतावे.

तिकडे स्वस्तात घेऊन ती मुंबईला आणू, असे काहींच्या मनात येते. आपल्या आयात नियमांनुसार जुनी गाडी तीन वर्षांहून अधिक जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजव्या बाजूला लागते. आखातातल्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. त्यामुळे तो विचार सोडलेला बरा.

मिस्त्री आणि विक्रेते बंधूंसाठी

जी गोष्ट ग्राहकाला परवडत नाही, तीच जाणत्या कारागिराची कमाई आहे. थ्रॉटलची मोटार खोलून आतले गिअर बदलणे, गिअरच्या पंपाचे ब्रश बदलणे, ही बारीक हातांची कामे आहेत. आख्खा पार्ट बदलायला सांगणारे बरेच, दुरुस्त करून देणारे थोडे. आपल्या पोरांनी स्कॅनर वाचायला शिकून हे काम हाती घेतले तर ग्राहकाचेही हजारो वाचतील. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात भंगारातील पार्ट मिळतात, पण तेही तेवढेच झिजलेले असू शकतात, हे ग्राहकाला आधी सांगावे.

गाड्या विकणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. इंजिनची खटखट जाड ऑईल घालून दाबणे, इशाऱ्याचा दिवा विकण्याआधी पुसून टाकणे, हा तोच ओला ढीग आहे. लपवलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क शरीअतने ग्राहकाला दिला आहे. दोष सांगून विकले तर किंमत थोडी कमी येईल, पण त्या कमाईत बरकत राहील आणि ग्राहक पुन्हा येईल.

आणि घेणाऱ्या बांधवांना एवढेच सांगतो: दुकानाचे भांडवल मोडून किंवा व्याजाने कर्ज काढून अशी गाडी घेऊ नका. दारात उभी राहिलेली बंद एम-फाईव्ह इज्जत वाढवत नाही, आणि त्या नऊ लाखांत आपले दुकान वर्षभर मालाने भरलेले राहू शकते.