ध्वनिफितींच्या काळातील मराठी गीतसंच आणि ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरातील रसिकमत

प्रस्तावना

अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने २००३ मध्ये सर्वकालीन पाचशे श्रेष्ठ अल्बमांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा बीटल्स या वाद्यवृंदाचा ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) हा अल्बम पहिल्या क्रमांकावर होता. २०२० मध्ये त्याच नियतकालिकाने नव्याने मते मागविली, तेव्हा पहिले स्थान मार्विन गे या कृष्णवर्णीय गायकाच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) या अल्बमाला मिळाले आणि बीटल्सचा अल्बम चोविसाव्या क्रमांकावर गेला. मधल्या सतरा वर्षांत या दोन्ही अल्बमांतील एक स्वरही बदललेला नव्हता. मते देणारा वर्ग मात्र बदलला होता.

मराठी लोकप्रिय संगीताची इतकी प्रतिष्ठा लाभलेली छापील यादी नाही. तथापि मौखिक यादी निश्चितच आहे. ठाण्यात राम मारुती रस्त्यावर किंवा डोंबिवलीत फडके रस्त्यावर दिवाळीच्या पहाटे जमणाऱ्या मध्यमवयीन रसिकांमध्ये १९९० च्या दशकातील ध्वनिफितींचा विषय निघाला, की काही नावे हमखास ऐकू येतात : मिलिंद इंगळे व सौमित्र यांचा ‘गारवा’, श्रीधर फडके यांचे ‘ओंकार स्वरूपा’ आणि ‘ऋतु हिरवा’. याच परिसरात त्याच काळात घरोघरी, मांडवामांडवांत वाजलेल्या आनंद शिंदे यांच्या ध्वनिफिती, कोळीगीतांचे संच आणि भीमगीते यांचा उल्लेख या यादीत सहसा होत नाही. ही गीते कोणी ऐकलीच नव्हती, असे म्हणता येणार नाही. मग ती मौखिक यादीत का येत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘अल्बम’ ही कल्पना आणि तिचा श्रोता

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेत एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे एकच गीत मावत असे. त्यामुळे रसिकाचे मत हे एका गीताविषयीचे मत असे. अनेक गीतांकडे एकसंध कृती म्हणून पाहण्याची सवय मराठी श्रोत्याला लागली ती प्रामुख्याने आकाशवाणीमुळे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे छप्पन्न गीतांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून आठवड्यास एक गीत या क्रमाने प्रसारित झाले आणि लोकांनी ते कथेसारखे ऐकले. दीर्घ ध्वनिमुद्रिका पुढे आल्या. पण त्या आणि त्यांसाठी लागणारे यंत्र सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात नव्हते.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेली छोटी ध्वनिफीत, म्हणजे आपली कॅसेट, भारतात सर्वदूर पोहोचली ती १९८० च्या दशकात. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या उत्तर भारतविषयक ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, या माध्यमाने एका बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली. ध्वनिमुद्रण स्वस्त झाले, लहान उत्पादक पुढे आले आणि पूर्वी ज्या प्रादेशिक प्रकारांकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, त्यांना बाजार मिळाला. १९८३ मध्ये स्थापन झालेली टी-सीरीज ही या बदलाची सर्वांत ठळक खूण. मॅन्युएल यांचे निरीक्षण महाराष्ट्रालाही बऱ्याच अंशी लागू पडते. मात्र त्यांचा भर उत्पादनावर आहे; श्रोत्याने फीत कोठे आणि कशी ऐकली, हा प्रश्न स्थानिक अभ्यासकांनाच सोडवावा लागेल.

या दृष्टीने डोंबिवलीचे उदाहरण बोलके आहे. २००१ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती आणि येथील नोकरदारांपैकी फार मोठा वर्ग रोज लोकलने मुंबईस जात असे. साठ मिनिटांच्या फितीची एक बाजू अर्ध्या तासाची. डोंबिवलीहून त्या वेळच्या व्ही.टी. स्थानकापर्यंत जलद लोकलचा प्रवास साधारण तासाभराचा. वॉकमन बाळगणाऱ्या प्रवाशाची पहिली बाजू घाटकोपर येईपर्यंत संपलेली असे आणि उतरण्याच्या सुमारास दुसरी. गर्दीत एका हाताने दांडी धरलेली असताना फीत पुढे-मागे करणे सोयीचे नव्हते, शिवाय तसे करण्यात बॅटरी खर्ची पडत असे. परिणामी फीत ज्या क्रमाने ध्वनिमुद्रित झाली, त्याच क्रमाने ऐकली जाई. अल्बम हा ‘अल्बम’ म्हणून ऐकणारा श्रोता असा घडला. त्याच्या अभिरुचीइतकाच मध्य रेल्वेचाही त्यात वाटा होता, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

‘गारवा’विषयीची दोन मते

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेला ‘गारवा’ हा या श्रोत्याचा आदर्श अल्बम ठरला. संगीत आणि गायन मिलिंद इंगळे यांचे, शब्द सौमित्र (किशोर कदम) यांचे. सर्व गीतांना पावसाचे सूत्र आहे आणि गीतांच्या आगेमागे कवीच्याच आवाजात काव्यवाचन आहे. त्या वेळी महाविद्यालयात असलेल्या पिढीचे या अल्बमाविषयीचे प्रेम आजही ओसरलेले नाही. लक्षणीय बाब अशी की, या चाहत्यांच्या बोलण्यात चालींपेक्षा काव्यवाचनाचा उल्लेख अधिक येतो. पाठ असतात ती गीते, पण आठवण निघते ती आवाजाची, बोलण्याच्या लयीची. कविता पुस्तकातून न वाचताही ती आपली वाटू शकते, हा अनुभव अनेकांना याच फितीने प्रथम दिला.

याउलट श्रीनिवास खळे, यशवंत देव, हृदयनाथ मंगेशकर यांच्या रचनांवर वाढलेल्या ज्येष्ठ रसिकांचा आक्षेप असा, की येथे चाल सोपी आहे, वाद्यमेळ पाश्चात्त्य वळणाचा आहे आणि स्वरांच्या जागा शोधाव्या लागतात. हा आक्षेप निराधार नाही. परंतु तो एका गीताला लावायच्या मोजपट्टीने संपूर्ण अल्बम मोजतो. खळे यांची रचना सुटी ऐकली तरी पूर्ण असते. ‘गारवा’तील एखादे गीत त्याच्या आधीच्या निवेदनापासून तोडले, की त्याचा अर्धा परिणाम उणा होतो. एमपीथ्रीच्या काळात नेमके हेच घडले : गीते संगणकावर उतरवली गेली, त्यांतून हवी ती निवडली गेली आणि पुष्कळदा काव्यवाचन मागे राहिले. ज्यांनी ‘गारवा’ प्रथम अशा तुकड्यांतून ऐकला, त्यांना आधीच्या पिढीच्या उत्साहाचे कोडे पडते. दोन्ही पक्ष आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. त्यांनी ऐकलेली वस्तूच वेगळी आहे.

येथे पाश्चात्त्य रॉक ऐकणाऱ्या लहान गटाचाही उल्लेख करावयास हवा. १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या, त्याच वर्षी निर्वाना या वाद्यवृंदाचा ‘नेव्हरमाइंड’ आणि मेटॅलिका या वाद्यवृंदाचा त्याच नावाचा अल्बम प्रसिद्ध झाला. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून होणाऱ्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवासाठी उपनगरांतून तरुण जात. ‘रॉक मशीन’ (१९९३ नंतर ‘इंडस क्रीड’) हा मुंबईचा वाद्यवृंद त्यांना परिचित होता. अल्बमांना क्रम लावण्याची, त्यांवरून वाद घालण्याची हौस याच गटात सर्वाधिक. पण ही हौस त्यांनी मराठी ध्वनिफितींकडे क्वचितच वळविली.

मांडवातील श्रोता

वर वर्णन केलेला श्रोता फितीचा मालक होता. ती त्याने निवडून विकत घेतली, वेष्टनातील कागदावरची नावे वाचली आणि एकट्याने ऐकली. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा डोंबिवलीलगतच्या भोपर, सोनारपाडा येथील आगरी वस्तीत हळदीच्या रात्री ‘वेसावकर आणि मंडळी’ यांचे ‘वेसावची पारू’ वाजत असे, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती फीत हातात कधी धरलेली नसे. फीत ध्वनिक्षेपकवाल्याची. तिचे नाव काय, दुसऱ्या बाजूस कोणते गीत, याच्याशी नाचणाऱ्याला कर्तव्य नसे. म्हणून या श्रोत्याला मत नव्हते, असे मानणे ही मोठी चूक ठरेल. मत होते आणि ते तत्काळ व्यक्त होई : पाय थांबले की गीत बदलले जाई, मांडव उसळला की तेच पुन्हा लावण्याची फर्माईश येई. मांडवात गीताची परीक्षा ठेक्यावर आणि समूहाने झेलता येणाऱ्या ध्रुवपदावर होते. या वस्त्यांत लग्नविधीचे धवले गाणाऱ्या धवलारिणींची परंपरा जुनी असल्याने, विधीचे गाणे कोणते आणि नाचाचे कोणते, हा विवेकही तेथे होताच. ध्वनिफीत दुसऱ्या कप्प्यात पडली. पहिल्यात तिला शिरकाव मिळाला नाही.

आनंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट हा’ या गीताचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९८० च्या दशकात आलेले हे गीत पुढील दशकभर वरातीत, गणेशोत्सवात, बसस्थानकावरच्या टपरीत वाजत राहिले. पांढरपेशा रसिकांचे त्याविषयीचे मत एका शब्दात सांगता येते : थिल्लर. परिसंवादात ‘पोपट’चे नाव निघाले की सभागृहात आजही हशा पिकतो. हा हशा तपासण्याजोगा आहे. द्व्यर्थी शब्दांचा खेळ मराठी लावणीत आणि चित्रपटगीतांत मुबलक असून, त्यांवर आपल्याकडे प्रबंध लिहिले गेले आहेत. तीच गोष्ट स्वस्त फितीवर आली, तेव्हा ती अभ्यासविषय न राहता विनोदविषय झाली. आशयावरचा आक्षेप आणि तो कोणत्या वस्तीतून ऐकू येतो यावरचा आक्षेप, यांची गल्लत येथे झालेली दिसते.

शिंदे घराण्याचा कल्याणशी असलेला संबंध परिचित आहे. प्रल्हाद शिंदे, पुत्र आनंद व मिलिंद, नातू आदर्श अशा तीन पिढ्यांचा आवाज या परिसराने ऐकला. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते आणि सत्यनारायणाच्या कथेचे गीत ब्राह्मणी वळणाच्या घरांतही पूजेच्या दिवशी लागत असे; तोच आवाज १४ एप्रिलला भीमजयंतीच्या मिरवणुकीत ऐकू येई. कोणत्या आळीत त्याच्या कोणत्या फिती ठेवल्या जात, यावरून त्या आळीचा नकाशा काढता यावा. गंमत अशी, की पूजेच्या गीताचा चाहता गायकाचे नाव अनेकदा सांगू शकत नाही आणि जयंतीतील श्रोता ते आदराने सांगतो.

भीमगीते आणि कवीचे नाव

भीमगीतांच्या श्रोत्याची पद्धत वरील दोहोंहून निराळी आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत उद्बोधक आहे. भावगीतांचा चाहता गीत गायकाच्या नावाने ओळखतो. संगीतकाराचे नाव जाणकार सांगतात. कवीचे नाव बहुधा वेष्टनावर राहते. भीमगीतात कवी अखेरच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफतो. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या गीतांतील ‘वामन’ ही नाममुद्रा सर्वज्ञात आहे. ही रीत अभंगाची, शाहिरीची. परंतु ध्वनिफितींच्या काळात तिने एक नवे काम केले. फितीवर फिती उतरवल्या जात होत्या, वेष्टन हरवत होते, नक्कल केलेल्या फितीवर पेनाने केवळ ‘जयंती’ असे लिहिलेले असे. तरीही कवीचे नाव पुसले गेले नाही, कारण ते गीताच्याच पोटात होते. त्यामुळे उल्हासनगरात किंवा कल्याणच्या वालधुनी भागात या गीतांविषयी बोलणारा सामान्य श्रोता ‘हे वामनदादांचे’ असे ठामपणे सांगतो आणि अमुक कवीचे गीत तमुक गायकाने कसे म्हटले, अशी तुलनाही करतो. ही समीक्षाच आहे. तिचा घटक अल्बम नाही, इतकेच. तो घटक कवी आहे आणि गीत कोणत्या प्रसंगी गायिले गेले हा आहे.

यावरून पदव्युत्तर वर्गांतील प्रकल्पांसाठी तयार होणाऱ्या प्रश्नावल्यांतील एक उणीव ध्यानात येते. ‘१९९० च्या दशकातील आपला आवडता मराठी अल्बम कोणता?’ हा प्रश्न वरवर निरुपद्रवी आहे. प्रत्यक्षात तो वॉकमनवाल्या श्रोत्याकडून उत्तर घेतो आणि इतरांना निरुत्तर करतो. त्यांच्या रकान्यात मग ‘मत नाही’ अशी नोंद होते. हळदीत कोणते गीत पुन्हा लावायला सांगत, मिरवणूक चौकात थांबली की काय वाजे, कोणाच्या नावाचे कडवे आल्यावर लोक हात उंचावत, पूजेची फीत कोणत्या घरातून मागून आणली जाई, असे प्रश्न विचारावे लागतील. शिवाय ते लवकर विचारावे लागतील. चुंबकीय फीत दमट हवेत टिकत नाही आणि ठाणे-कल्याणची हवा वर्षातील चार महिने दमटच असते. लहान उत्पादकांपैकी अनेकांनी आपल्या मूळ मुद्रणांची निगा राखलेली नाही. जुन्या चाळींचा पुनर्विकास होताना फितींचे खोके भंगारात जातात. ‘गारवा’ नव्या माध्यमांवर आजही सहज मिळतो. एखाद्या वस्तीतील गायन पार्टीने हौसेने काढलेली शे-दोनशे प्रतींची भीमगीतांची फीत मिळण्याचे ठिकाण मात्र एकच उरते : ती वाजवणाऱ्या ध्वनिक्षेपकवाल्याच्या घरचा माळा.