ऊसतोडीला जाताना आरोग्य विमा : सरकारी कार्ड पुरेसं आहे का?



दिवाळी झाली की आष्टी परिसरातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मुलांना आपण शिक्षण हमी कार्ड देतो. पण फडात कुणी आजारी पडलं तर? वेगळा खाजगी विमा काढावा का?

आधी सरकारी सोय पाहू.

१) 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत.

२) महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण यादीतल्याच रुग्णालयांत.

३) कर्नाटकातल्या कारखान्यावर जाणार असाल तर आयुष्मान कार्ड हवंच. पात्र कुटुंबाला ते देशभर चालतं.

मात्र या दोन्ही योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. खाजगी डॉक्टरची फी, मेडिकलची औषधं खिशातूनच जातात. बहुतेक खाजगी पॉलिसीसुद्धा हा खर्च देत नाहीत. शिवाय अपघात सोडला तर पहिले 30 दिवस सहसा दावा चालत नाही. जुन्या आजाराला 3 वर्षांपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी काढलेली पॉलिसी लगेच कामी येईलच असं नाही.

म्हणून आधी घरातल्या प्रत्येकाचं, लेकरांचंसुद्धा, आयुष्मान कार्ड काढा. वर्षाला 20 रुपयांत बँकेतून 2 लाखांचा सुरक्षा अपघात विमा मिळतो, तोही घ्या. एवढं करून हप्ता झेपत असेल, तरच खाजगी विमा.

आणि कार्ड घरी पेटीत ठेवू नका, सोबत न्या. शंका असल्यास 14555 वर विचारा.