खळ्यावरचा हिशेब

१५१६ साली थॉमस मोर या इंग्रज लेखकाने ‘युटोपिया’ नावाच्या बेटाची कल्पना केली. तिथे पैसा नाही. लागेल ते कोठारातून न्यावे, आणि सोन्याची किंमत एवढीच की त्याची मूत्रपात्रे घडवतात. मराठवाड्यातल्या माणसाला मात्र पैशाविना चालणारा समाज बघायला इतके लांब जायला नको. जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडच्या गावांचा आतला व्यवहार काही पिढ्यांपूर्वीपर्यंत बराचसा ज्वारीवरच चालत होता.

सुताराने तिफण, वखर नीट करून द्यायचे, लोहाराने फाळ पाजळायचा, चांभाराने मोट शिवायची, न्हाव्याने घरादाराची डोई करायची. दाम कुणी मागायचे नाही. सुगी आली, खळ्यावर रास पडली की ज्याने त्याने आपल्या वाट्याच्या पेंढ्या आणि धान्य न्यायचे. हेच बलुते. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात त्याचा बारकावा सापडतो: बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी आणि ओळीप्रमाणे वाटा.

पैशाआधी वस्तूंची अदलाबदल होती, ही गोष्ट अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये सांगितली आणि ती अजून शाळेत शिकवतात. कॅरोलाइन हम्फ्री या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, निव्वळ अदलाबदलीवर चाललेल्या अर्थव्यवस्थेचे एकही उदाहरण नोंदलेले नाही. बलुतेही अदलाबदल नव्हेच. ती पिढ्यान्‌पिढ्या न मिटणारी उधारी होती. फाळ मृगाआधी, ज्वारी सुगीला. मधले महिने गावाच्या आठवणीत जमा. तिफण वर्षात किती वेळा मोडली हे कुणी मोजत नसे. शिवाय वाटा पिकाशी बांधलेला, त्यामुळे पाऊस दगावला तर कुणब्याबरोबर सुताराचेही सूप रिकामे. आजच्या पीकविम्यापेक्षा हे सुटसुटीत होते, असे मला वाटते.

अर्थात वेशीबाहेर पैसा लागेच. मीठ, कापड आणि सारा यांना ज्वारी चालत नसे. निजामाच्या मुलखात हाली सिक्का चाले. इंग्रजी सहा कलदार म्हणजे साधारण सात हाली.

आता या व्यवस्थेची काळी बाजू. मोरच्या बेटावर गुरे कापायचे काम दास करत आणि त्यांना बेड्या सोन्याच्या असत. सोन्याला किंमत उरली नाही, पण बेडी उरलीच. इकडे मेलेले ढोर ओढणे, वेस राखणे, वेळी-अवेळी सांगावा पोचवणे महारांच्या माथी, आणि मोबदल्यात दारोदार मागून आणायची भाकर. कामाला माप नाही, नकार द्यायची सोय नाही. दिलाच तर बहिष्कार. मुंबई इलाख्यातली ही वतनाची बेडी सैल करण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक मांडले. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिले, ते उगीच नव्हे.

म्हणून पैशाविना समाज रंगवणाऱ्याला माझा पहिला प्रश्न देवाणघेवाणीचा नसतो. वाटा कोण ठरवतो आणि ज्याला तो पटत नाही त्याला गाव सोडता येते का, एवढेच मी विचारीन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनमाड–सिकंदराबाद रेल्वे सेलू, परभणी, पूर्णा या वाटेने धावू लागली. रूळ, स्टेशन, जिनिंग यांनी रोख मजुरी आणली. हातावर पडलेल्या रुपयाला आपली जात सांगावी लागत नव्हती.

पुढे रानातले पीकच बदलले. आधी कापूस वाढला, अलीकडे सोयाबीन. सोयाबीनची भाकरी होत नाही, कडबाही नाही. मळणी झाली की माल थेट मोंढ्यात. त्यातून बलुते काढून देणार कशाचे?

टिकली ती थोडीफार सावड. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. बैल कमी असतील तर दोघांनी मिळून औत जुंपायचे. इथे कुणी धनी नाही, कुणी मागता नाही. मला विचाराल तर कल्पनेतल्या गावाला नमुना म्हणून हीच घ्यावी. अडचण एवढीच की सावडीला दोघांकडेही रान लागते. ज्याच्याकडे ते नाही तो रोजाने जातो, आणि रोज तो रोखच मागतो.